पडदा परत उगवतो का? माशाचा उगवतो

२०२५ च्या मार्चमध्ये कोरियातल्या काइस्ट या संस्थेचा एक पेपर आला आणि त्यानंतर बरेच दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर 'आता गेलेली नजर परत येणार' छाप फॉरवर्ड फिरत होते, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. पेपर खरा आहे, चांगलाही आहे, पण उंदरांवरचा आहे आणि त्यात नेमकं काय केलंय हे फॉरवर्डमध्ये कुणीच सांगत नाही, कारण ते सांगायचं तर आधी म्युलर ग्लिया सांगा, मग मासा सांगा, मग एपिजेनेटिक्स सांगा, आणि तोवर ग्रुपवर दुसऱ्या दिवशीचं गुड मॉर्निंग येऊन पडलेलं असतं. म्हणून इथे लिहितेय, सविस्तर. मी डॉक्टर नाही, बायोटेक करून एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये चिकटलेली बाई आहे, पण हा विषय कॉलेजपासून डोक्यात बसलाय तो काही जात नाही.

तर रेटिना, म्हणजे आपला डोळ्याचा पडदा. जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. त्यात प्रकाश पकडणारे रॉड आणि कोन, रॉड ९ कोटींच्या वर आणि कोन साधारण ५० लाख, मग मधल्या जोडणाऱ्या पेशी, आणि सगळ्यात आतल्या बाजूला गँग्लियन पेशी, ज्यांच्या दहाएक लाख तारा एकत्र येऊन मेंदूकडे जातात, तीच ऑप्टिक नर्व्ह. मोतीबिंदू झाला तर लेन्स बदलता येते, कॉर्निया बिघडला तर नेत्रदानातला बसवता येतो, पण पडद्यातल्या या पेशी एकदा मेल्या की माणसात नवीन येत नाहीत, विषय संपला. काचबिंदूत गँग्लियन मरतात, आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये आधी रॉड जातात म्हणून रात्रीचं दिसेनासं होतं, म्हातारपणी मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधोमधचा ठिपका, जातो म्हणून समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नाही पण बाजूचं दार दिसतं.

या सगळ्या गर्दीत एक जात आहे जिच्याकडे शंभर-सव्वाशे वर्षं कुणी फारसं बघितलंच नाही. १८५१ मध्ये हाइनरिश म्युलर या जर्मन माणसाने पडद्यात वरपासून खालपर्यंत उभ्या गेलेल्या धाग्यांसारख्या पेशी पाहिल्या, म्हणून त्या म्युलर ग्लिया. यांना स्वतःला काही दिसत नाही. न्यूरॉनना, म्हणजे चेतापेशींना, खायला घालणं, त्यांनी सांडलेलं ग्लुटामेट आणि पोटॅशियम पुसून घेणं, सगळ्यांना जागेवर धरून ठेवणं, अशी कामं. घरातल्या त्या काकूसारखी जिच्याशिवाय काही चालत नाही आणि फोटोत जी कधीच नसते. (२००७ मध्ये असंही दिसलं की या पेशी प्रकाशाला वाट काढून देतात, कारण आपला पडदा उलटा बसवलेला आहे, प्रकाश पकडणाऱ्या पेशी सगळ्यात मागे आणि प्रकाश येतो पुढून, मग मधल्या गर्दीतून तो नीट मागे पोचवायचं काम पण यांच्याकडेच.)

आता मासा. झेब्राफिश, फिश टँकच्या दुकानात मिळणारा बोटाच्या पेराएवढा निळ्या पट्ट्यांचा मासा, मूळचा आपल्याच भागातला बरं का, गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर काम करताना फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. मग १९७० च्या दशकात अमेरिकेत ओरेगनला जॉर्ज स्ट्रायसिंगरने तो लॅबमध्ये आणला आणि आता जगभर त्याच्यावर काम चालतं.

या माशाच्या पडद्याला इजा करा, सुईने टोचा, किंवा डोळ्यावर इतका प्रखर प्रकाश टाका की रॉड-कोन मरून जातील. काही तासांत म्युलर ग्लियांमध्ये अ‍ॅस्कल-वन नावाचं जीन चालू होतं. हे जीन एरवी भ्रूणात न्यूरॉन बनवताना लागतं, मोठ्या प्राण्याच्या पडद्यात त्याचं फारसं काम नसतं. ते चालू झालं की लिन-२८ नावाचं दुसरं जीन चालू होतं आणि ते लेट-७ नावाच्या एका छोट्या आरएनएला दाबतं, जो एरवी 'पोरकटपणा नको, मोठे झालात आता' अशा थाटात बाकीच्या जीन्सना गप्प ठेवत असतो. ही साखळी मिशिगन युनिव्हर्सिटीच्या डॅनिअल गोल्डमनच्या लॅबने २०१० मध्ये दाखवली आणि त्या पेपरचे पहिले लेखक राजेश रामचंद्रन आता आयसर मोहाली या विज्ञान संस्थेत याच विषयावर लॅब चालवतात, त्यांच्याकडे परत येतेच. मग त्या म्युलर पेशीचं केंद्रक सरकतं, पेशी विभागते, आणि गंमत म्हणजे दोनातली एक म्युलर म्हणूनच राहते, आपली जुनी नोकरी सोडत नाही, आणि दुसरी लहान होते. लहान म्हणजे तिची ओळख पुसली जाते, ती अजून काहीच ठरलेली नसलेली पेशी होते, भराभर वाढते, त्याच म्युलरच्या अंगाला धरून एक झुबका तयार होतो आणि त्यातून जे मेलं होतं ते परत बनतं. महिनाभरात मासा परत बऱ्यापैकी बघायला लागतो.

आपल्यात? आपल्याही पडद्यात म्युलर ग्लिया आहेत. आपल्याही डीएनएत अ‍ॅस्कल-वन आहे. पण आपल्याला इजा झाली की म्युलर पेशी सुजतात, जाड होतात, व्रण करून बसतात आणि संपलं. म्हणजे जीन आहे पण चालू होत नाही, आणि इथूनच एपिजेनेटिक्स, म्हणजे जीन्स चालू-बंद ठेवणाऱ्या खुणांचा विषय, सुरू होतं.

एका पेशीत साधारण दोन मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रॉनच्या केंद्रकात कोंबायचा असतो, म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी सैल तिथलं जीन वाचता येतं, जिथे घट्ट तिथलं असून नसल्यासारखं. सैल-घट्ट कुठे करायचं हे छोट्या रासायनिक खुणांवरून ठरतं. डीएनएवर मिथाइलची खूण बसली की बहुतेक वेळा ते जीन बंद. हिस्टोनवर अ‍ॅसिटाइल बसलं की गुंडाळी सैल. अ‍ॅसिटाइल काढून टाकणारी एन्झाइम्स असतात, त्यांना एचडॅक म्हणतात, आणि त्यांना अडवणारी औषधं असतात ती एचडॅक इनहिबिटर. एवढी चार वाक्यं लक्षात ठेवली तरी पुढचं सगळं कळेल. यात डीएनएची अक्षरं कुठेच बदलत नाहीत हे महत्त्वाचं, डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत मजकूर तोच, कुठली पानं उघडी एवढाच फरक.

साहजिक कुणालाही वाटेल की माशाच्या म्युलरमध्ये ही पानं उघडी असणार आणि आपल्यासारख्या सस्तन प्राण्यात मिथाइल मारून बंद. गोल्डमनच्याच लॅबने २०१३ मध्ये हे तपासलं आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला निकाल हा आहे, की इजा व्हायच्या आधी, निवांत बसलेल्या म्युलरमध्येसुद्धा पुनर्निर्मितीला लागणाऱ्या बऱ्याच जीन्सच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल फारसं नव्हतंच, आणि हे माशातही तसंच आणि उंदरातही तसंच! म्हणजे उंदराची म्युलर पेशी पण अर्धी तयार बसलेली आहे. इजा झाल्यावर माशात आधी मिथाइल निघण्याचा जोर असतो आणि नंतर नवीन ठिकाणी बसण्याचा, आधी उघडतं मग परत मिटतं. हे 'परत मिटतं' लक्षात ठेवा.

मग उंदराला अडतंय कुठे? सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत टॉम रे नावाचे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं याच एका गोष्टीच्या मागे आहेत. त्यांनी उंदराच्या म्युलरमध्ये अ‍ॅस्कल-वन जबरदस्तीने चालू केलं. २०१५ चा निकाल असा की पिल्लांमध्ये जमलं, इजा केल्यावर म्युलरपासून न्यूरॉन बनले, पण पिल्लू दोनेक आठवड्यांचं झालं की दार बंद. त्याच्यापुढे अ‍ॅस्कल-वन कितीही ओता, ते प्रोटीन जिथे जाऊन बसायला पाहिजे त्या जागाच घट्ट गुंडाळलेल्या. मग २०१७ मध्ये नेचर या जर्नलमध्ये पुढचा पेपर आला, त्यात मोठ्या उंदरात त्यांनी अ‍ॅस्कल-वन चालू केलं, इजा केली आणि वर डोळ्यात ट्रायकोस्टॅटिन-ए टोचलं, हा एक एचडॅक इनहिबिटर. गुंडाळी सैल झाली, अ‍ॅस्कल-वनला बसायला जागा मिळाली आणि मोठ्या उंदराच्या म्युलरपासून न्यूरॉन बनले, नुसते दिसायला न्यूरॉन नाहीत तर आजूबाजूच्या जुन्या पेशींशी जोडले गेले आणि प्रकाश टाकल्यावर प्रतिसाद द्यायला लागले. बनले ते मुख्यतः मधल्या थरातले, रॉड-कोन नाही. तरीही मोठ्या सस्तन प्राण्याच्या पडद्यात हे होऊ शकतं एवढं कळणं हीच फार मोठी गोष्ट होती, मला तो पेपर वाचल्यावर किती जणांना पकडून सांगू असं झालं होतं आणि सांगायला कुणीच नव्हतं, नवऱ्याने 'हो का' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला.

आता यावरून कुणीही म्हणेल, सोपंय, सगळ्यांना एचडॅक इनहिबिटर द्या. इथे मोहालीची लॅब येते. रामचंद्रन यांच्या गटाने २०१८ मध्ये माशात उलटं करून बघितलं, ज्या माशाचा पडदा आपोआप उगवतो त्याच्यात एचडॅक-वनला अडवलं. सगळं सैल होऊन अजून जोरात उगवेल असं वाटतं ना? उगवायचं थांबलं! त्यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं की इजेच्या जागी ज्या पेशी विभागतायत त्यांच्यात एचडॅक-वन नसतं पण त्यांच्या शेजारच्या पेशींमध्ये ते वाढलेलं असतं. म्हणजे माशात एकाच वेळी इथे उघड आणि तिथे मिट असं चाललेलं असतं, चार पेशींच्या अंतरावर. एकाच जातीचं रसायन, उंदरात दार उघडतं आणि माशात काम बंद पाडतं. मला या सगळ्या विषयातलं एकच वाक्य सांगायला सांगितलं तर मी हे सांगेन, उघडणं म्हणजे उपचार नाही, कुठलं कधी उघडायचं आणि कधी परत मिटायचं हा उपचार आहे, आणि ते अजून आपल्याला येत नाही.

येत नाही हे माणसांवरसुद्धा एकदा बघून झालंय. व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड हे फिट्सचं जुनं औषध, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, ते पण एचडॅक इनहिबिटर आहे. २०१० मध्ये आरपीच्या मोजक्या पेशंटवर ते दिल्यावर नजर सुधारली असा एक छोटा रिपोर्ट आला, कंट्रोल ग्रुप वगैरे काही नाही, आणि लगेच आशा पसरली. साहजिकच आहे, आरपीच्या पेशंटला डॉक्टर बहुतेक 'काही करता येणार नाही' एवढंच सांगतात, मग स्वस्तातली गोळी कोण सोडेल. पुढे नीट चाचणी झाली, अर्ध्यांना औषध अर्ध्यांना खोटी गोळी, वर्षभर, ९० पेशंट, आणि २०१८ मध्ये निकाल आला की फायदा नाही, उलट औषधवाल्या गटाचं दृष्टीचं क्षेत्र थोडं जास्तच घसरलं. म्हणजे नुसतं सैल करून बघायचा प्रयोग झालेला आहे.

आणि बंद असण्यात पण शहाणपण असतं हे विसरतो आपण. याचं मला सापडलेलं सगळ्यात भारी उदाहरण उंदराच्या रॉडचं आहे. नेहमीच्या पेशीत घट्ट गुंडाळलेला, न वापरायचा डीएनए केंद्रकाच्या कडेला असतो आणि वाचायचा आतल्या बाजूला. उंदराच्या रॉडमध्ये हे उलटं, सगळा बंद माल मधोमध एका गोळ्यात आणि उघडा माल कडेने. २००९ मध्ये इरिना सोलोवेइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे रात्री फिरणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्ये असतं, दिवसा वावरणाऱ्यांमध्ये नाही, आपल्यात नाही. कारण काय तर तसा मधोमध दाटलेला गोळा प्रकाशाला भिंगासारखा पुढे सोडतो, इकडे तिकडे उधळत नाही, आणि उंदराच्या पडद्यात रॉडच्या केंद्रकांचे थरावर थर असतात, त्यातून अंधारातला कण कण प्रकाश मागे पोचवायचा असतो. जन्माला येतं तेव्हा पिल्लाचं केंद्रक साधं असतं, मग काही आठवड्यांत हळूहळू आतलं बाहेर आणि बाहेरचं आत होतं. डीएनए नुसता वाचायला नाही, भिंग म्हणून वापरलाय! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासलं कारण खरं वाटेना.

तर अशा पेशीत सरसकट सैल करायचं औषध ओतलं तर काय काय विस्कटेल याचा विचार करा. शिवाय ज्या जीन्समुळे पेशी लहान होऊन वाढायला लागते त्याच वाटेवर पुढे कॅन्सर आहे. रेटिनोब्लास्टोमा, लहान मुलांच्या पडद्याचा कॅन्सर, त्यात आरबी-१ या जीनच्या दोन्ही प्रती बिघडतात हे जुनं, पण २०१२ मध्ये त्या गाठींचा सगळा डीएनए वाचला तेव्हा बाकी म्युटेशन अगदीच कमी सापडली आणि बरेचसे बदल खुणांच्या पातळीवरचे निघाले, सिक नावाचं एक जीन जे पडद्यात चालू असायलाच नको ते या खुणांमुळे जोरात चालू झालेलं. माशाला आयुष्यभर वाढत राहायचं असतं, त्याचा डोळा पण वाढत राहतो, त्याचा हिशोब वेगळा. २०२० मध्ये सायन्स या जर्नलमध्ये मासा, कोंबडी आणि उंदीर तिघांच्या म्युलर शेजारी शेजारी ठेवून तपासल्या गेल्या, सेथ ब्लॅकशॉ आणि इतर मोठमोठ्या लॅब्स मिळून, तेव्हा दिसलं की उंदराची म्युलर पण इजेनंतर थोडी हलते, सुरुवात करते, पण एनएफआय नावाच्या जीन्सचा एक गट तिला ओढून परत शांत करतो. ते जीन काढून टाकले तर उंदरातही थोडे न्यूरॉन बनतात. म्हणजे आपल्यात क्षमता मेली नाहीये, तिला बसवून ठेवणारी एक चालू यंत्रणा आहे, रोज काम करणारी.

आता दुसरी बाजू, जिच्यामुळे खरं तर हा लेख अर्धवट पडलेला पूर्ण करायला घेतला. आमचे एक काका सांगलीला असतात, डायबेटिस जुना, पहिली कित्येक वर्षं गोळ्या आठवतील तेव्हा आणि लग्नकार्यात पंगतीला बसले की जिलेबीचं ताट त्यांच्यासमोरच थांबायचं. नंतर एकदा पायाची जखम चिघळली आणि माणूस एकदम बदलला, भाकरी मोजून, रोज चालणं, सगळं. पण डोळे काही ऐकेनात, पडद्याला सूज, डोळ्यात इंजेक्शनं. त्या दिवशी फोन आला. "अगं तू बायोटेकवाली ना, मला सांग, तीन महिन्यांची सरासरी पावणेसातवर आणलीय मी, आणि डॉक्टर म्हणतायत पडद्याची सूज आहे तशीच आहे, ते असं बघतात माझ्याकडे की मी चोरून खातोय!" मी म्हटलं, "काका, तुम्ही खात नाही माहितीये मला, हे मागचं आहे." "मागचं म्हणजे? ते तर कधीच सोडलं." आता फोनवर हिस्टोन कसे सांगू.

पण प्रश्न त्यांचा अगदी बरोबर होता आणि त्याच्यावर चाळीस वर्षांचं काम आहे. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ डीसीसीटी नावाची मोठी चाचणी झाली, टाइप-१ डायबेटिसचे १४४१ पेशंट. एका गटाची शुगर कडक सांभाळली, एचबीए१सी (तीच तीन महिन्यांची सरासरी) ७ च्या जवळपास, दुसऱ्याची त्या काळच्या पद्धतीने, ९ च्या आसपास. कडक गटात पडद्याचा आजार सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी. मग चाचणी संपल्यावर सगळ्यांनाच कडक पद्धत शिकवली आणि दोन्ही गटांची शुगर थोड्या काळात सारखीच झाली, ८ च्या आसपास. आता तुम्ही म्हणाल पडद्याचं पण सारखं व्हायला पाहिजे. नाही झालं. पुढे कित्येक वर्षं, जो गट सुरुवातीला ढिला होता त्याचे पडदे जास्त बिघडत राहिले आणि जो सुरुवातीला कडक होता त्याला जुन्या पुण्याईचं व्याज मिळत राहिलं. याला मेटाबॉलिक मेमरी म्हणतात. शरीर शुगर विसरत नाही.

ही आठवण ठेवली कुठे जाते? याचं एक उत्तर परत त्याच खुणा. कॅलिफोर्नियात सिटी ऑफ होपमध्ये रमा नटराजन यांच्या गटाने याच डीसीसीटीच्या पेशंटच्या साठवलेल्या रक्ताचे नमुने तपासले, चाचणीच्या काळातले आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी घेतलेले, आणि २०१६ मध्ये दाखवलं की काही जागांवरच्या मिथाइलच्या खुणा इतक्या वर्षांनंतरही तशाच होत्या, टीएक्सएनआयपी नावाचं ग्लुकोजशी संबंधित जीन त्यातलं ठळक. डेट्रॉइटला वेन स्टेट युनिव्हर्सिटीत रेणू कौलुरू यांनी वर्षानुवर्षं खास पडद्यावरच हे काम केलंय, डायबेटिस केलेल्या उंदरांची शुगर आधी वाढलेली ठेवून मग नॉर्मल केली तरी पडद्यातल्या एसओडी-२ या जीनवरच्या हिस्टोनच्या खुणा जागच्या हलत नाहीत, आणि हे जीन म्हणजे पेशीच्या आत तयार होणारा जळका कचरा निस्तरणारं, ते दबलेलंच राहिलं की बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान चालूच. सगळा दोष खुणांचाच असं नाही, साखर चिकटून खराब झालेली प्रोटीन्स पण वर्षानुवर्षं तशीच पडून असतात, ते एक वेगळं कारण. पण काका चोरून खात नव्हते एवढं नक्की. आणि आता सांभाळलेल्या शुगरचा उपयोग नाही असं पण नाही, ती नसती तर सूज कुठे गेली असती कुणास ठाऊक, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं कारण त्यांचा सूर 'मग खातोच जिलेबी' कडे चालला होता. आपल्या देशात २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे, आणि पहिली काही वर्षं 'बॉर्डरवर आहे' म्हणत ढकलायची आपली पद्धत, त्या पहिल्या वर्षांतच या खुणा पडतात.

बघा, म्हणजे एकाच पडद्यात दोन उलट तक्रारी. म्युलर पेशीला मोठेपण विसरता येत नाही म्हणून नवीन न्यूरॉन नाहीत, आणि रक्तवाहिन्यांना जुनी शुगर विसरता येत नाही म्हणून आजार थांबत नाही.

विसरायला लावायचाच प्रयत्न २०२० च्या डिसेंबरमध्ये हार्वर्डमधून नेचरमध्ये आला. डेव्हिड सिंक्लेअरची लॅब, म्हातारपण उलटवण्याच्या दाव्यांसाठी हा माणूस जितका प्रसिद्ध तितकाच वादग्रस्त, मी त्याच्या मुलाखती मिठाचा खडा बाजूला ठेवूनच ऐकते, पण हा पेपर दमदार आहे. जपानच्या यामानाकाने २००६ मध्ये साध्या पेशीला परत भ्रूणासारखी करणारे चार जीन शोधले, २०१२ चं नोबेल त्याला आणि जॉन गर्डनला मिळून. त्यातलं कॅन्सरच्या भानगडीतलं मिक सोडून उरलेले तीन यांनी व्हायरसमार्फत उंदराच्या गँग्लियन पेशींत घातले. ऑप्टिक नर्व्ह चिमटलेल्या उंदरात तारा परत वाढायला लागल्या, काचबिंदूसारखा आजार केलेल्या आणि वय झालेल्या उंदरांची नजर सुधारली. आणि टेट नावाची मिथाइल उतरवणारी एन्झाइम्स काढून घेतली की परिणाम गायब, म्हणजे काम खुणांमार्फतच होतंय. पण यात नवीन पेशी बनत नाहीत, जिवंत उरलेल्याच तरुण होतात. सगळ्याच मेल्या असतील तर तरुण कुणाला करणार.

त्याच वर्षी चीनमधून सेल या जर्नलमध्ये अजून एक पेपर आला होता, पीटीबीपी-१ हे एकच जीन दाबलं की म्युलरपासून सरळ गँग्लियन बनतात. इतकं सोपं की सगळे खूश. मग दुसऱ्यांनी म्युलर पेशींना आधीपासून कायमची खूण करून नीट माग काढला, पीटीबीपी-१ पूर्णच काढून टाकून बघितलं, २०२२ मध्ये छापलं, आणि म्युलर होत्या तिथेच म्युलर. आधीच्या पेपरात नवीन पेशी म्हणून खुणेची जी चमक दिसत होती ती आधीपासूनच्या न्यूरॉनमध्ये, व्हायरसने आणलेली खूण गळून तिथे गेली होती. या क्षेत्रातला पेपर वाचताना मी आता सगळ्यात आधी हेच बघते की नवीन पेशी खरंच नवीन आहे हे कशावरून म्हणतायत.

आणि आता तो कोरियाचा पेपर, ज्याच्यामुळे ग्रुपवर हात जोडले गेले. प्रॉक्स-१ नावाचं प्रोटीन. त्यांना दिसलं की उंदराच्या इजा झालेल्या पडद्यातल्या म्युलरमध्ये हे साठतं, पण ते म्युलर स्वतः बनवत नाहीत, शेजारच्या न्यूरॉनमधून बाहेर पडून ते यांच्यात शिरतं आणि यांना लहान होऊ देत नाही. माशात असं साठत नाही. मग त्यांनी बाहेरच, वाटेत, प्रॉक्स-१ ला पकडणारी अँटिबॉडी वापरली आणि उंदरात पुनर्निर्मिती झाली, सहा महिन्यांच्या वर टिकली. मला यातलं आवडलेलं हे की केंद्रकाच्या आत हात न घालता बाहेरून काम झालं, डोळ्यात अँटिबॉडी टोचणं हे आजही रोज होतं, काकांची इंजेक्शनं त्याच धर्तीची असतात. माणसांवरच्या चाचण्या २०२८ च्या सुमाराला सुरू करायचं त्यांच्या मनात आहे. तोवर दुसऱ्या लॅबला हेच जमतंय का ते कळेल, पीटीबीपीनंतर मी तरी त्याचीच वाट बघतेय.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर ओरडून सांगितली, 'स्टेम सेलने पडदा बरा करतो' म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या, त्याही पैसे घेऊन, आणि तिघींची होती ती नजर जवळजवळ गेली, २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये हे सगळं सविस्तर आलंय.

माणसाच्या बाबतीत आज कुठे आहोत तर २०२३ मध्ये टॉम रे यांच्याच लॅबने माणसाच्या म्युलर पेशी बशीत वाढवून त्यात अ‍ॅस्कल-वन चालू केलं आणि त्या न्यूरॉनच्या वाटेला लागल्या, कोवळ्या न्यूरॉनसारख्या दिसायला लागल्या. बशीत. खऱ्या डोळ्यात त्यांना शेजारी जोडून घेतील का हे वेगळं, आणि आपल्याला सगळ्यात जास्त लागतात ते कोन बनतील का हे अजून वेगळं. त्यात उंदराची एक मोठी अडचण आहे जी बातम्यांत कधीच येत नाही, उंदराला मॅक्युलाच नसतो. वाचायला, चेहरे ओळखायला, सुईत दोरा ओवायला जो पडद्याच्या मधोमधचा बारीकसा ठिपका आपण वापरतो तो त्याच्याकडे नाहीच, त्यामुळे मॅक्युला परत उगवेल का या प्रश्नाचं उत्तर उंदराकडून कधीच मिळणार नाही, त्यासाठी माकडांकडे किंवा माणसाच्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेल्या छोट्या पडद्यांकडे जावं लागणार, आणि त्या छोट्या पडद्यांना तयार व्हायलाच सहा-आठ महिने लागतात.